तत्रैव

पानाला बारा रुपये, तक्ता असेल तर पंधरा.
कन्ना चौकात, झेरॉक्सच्या वरच्या माळ्यावर
गेली वीस वर्षं मी प्रबंध बसवून देतो.
डावीकडे दीड इंच, बाइंडिंगला.
बाकी तिन्ही बाजूंना एक.
अक्षर चौदाचं, तळटीप अकराची.
आडनाव आधी, मग स्वल्पविराम, मग नाव,
ग्रंथ तिरका; गाव, प्रकाशक, साल, पृष्ठ.
एवढं जमलं की माणूस डॉक्टर होतो,
असं मी गमतीनं म्हणतो. मुलं हसत नाहीत,
सबमिशन उद्या असतं.

अंबुजा येमुल मे महिन्यात आली.
त्रेचाळीस डिग्री, पंखा गरम हवाच ढवळत होता.
विषय: पूर्वभागातल्या विडी कामगार बायकांची गाणी.
तीनशे बारा पानं. तळटीप एकशे सतराला
हत्तुरे सरांचा लाल गोल:
नरसव्वा म्हणजे कोण? आडनाव? साल? पृष्ठ?
छापील आधार द्या.

"आधार आहे की," ती म्हणाली, "घरकुलात बसलाय,
सूप मांडीवर घेऊन. जाऊन विचारा म्हणावं."
मग गप्प. मग पिशवीतून एक पुस्तक काढलं.
"हे चालेल म्हणतात सर. ह्यात आहे तेच गाणं."
विटकं, पाठीला सेलोटेप. पान चौसष्ट.

    चेकरमामा, छाट जरा कमी काढ,
    पोरीला चपला घ्यायच्यात

खाली, बारीक टाइपात: पारंपरिक.

तो शब्द माझ्या हातचा.

एकोणीसशे एक्क्याण्णव, साखर पेठेतला छापखाना.
मी खिळे जुळवायचो.
हस्तलिखितात तिथं दीड ओळ होती,
सांगणारीचं नाव, नवऱ्याचं, चाळीचं, खोलीचा नंबरसुद्धा.
चौसष्ट पानांत चार फॉर्म संपत होते
आणि दीड ओळीसाठी मालक पाचवा लावणार नव्हता.
"काढ बे," म्हणाला, "बाईचं नाव कोण वाचतंय."
मी चिमट्यानं एकेक खिळा उचलला,
न टाकला न च्या घरात, र र च्या,
आणि त्या जागी तो एक शब्द बसवला.
नीट बसला. मालकानं चहा सांगितला.
लेखकानं प्रूफ पाहिलं की नाही, माहीत नाही.
पाहिलंच असेल.

त्या पुस्तकाचा आधार नंतर किती जणांनी दिला
ते मला ठाऊक आहे. मीच बसवलेत ते प्रबंध.
लेखक, सोलापूर, १९९१, पृ. ६४.
त्याखाली तत्रैव. त्याखाली तत्रैव.
म्हणजे तिथंच. आणि तिथं
कोणीच नव्हतं.

अंबुजाला यातलं काही बोललो नाही.
एवढंच विचारलं, म्हातारीचं आडनाव काय?
तिनं फोन लावला. पलीकडून तेलुगूत लांबलचक काहीतरी,
मध्येच हसू, मागं कुकरची शिट्टी.
"विचारतेय, बापाचं हवं का नवऱ्याचं?
आणि पीएफचं काही निघालंय का?"

मी टाइप करत गेलो.
गड्डम, नरसव्वा. मुलाखत, विडी घरकुल, कुंभारी.
तारीख. पृष्ठाच्या जागी अंबुजानं सांगितलं ते:
सकाळच्या पहिल्या कट्ट्यापासून चौथ्यापर्यंत.
पुढं मी माझ्या मनानं एक वाक्य घातलं,
हेच गाणं छापील मिळतं, पृ. ६४, तिथं नाव नाही.
तिनं वाचलं, माझ्याकडं पाहिलं, राहू दिलं.
ओळ वाढली, पान ढकललं गेलं,
एकशे अठरावी टीप पुढच्या पानावर गेली:
छाट म्हणजे चेकरनं नापास केलेला माल,
त्याची मजुरी मिळत नाही.
अनुक्रमणिका परत करावी लागली. रात्रीचा दीड वाजला.

हत्तुरे सर काय म्हणतील ते म्हणोत.
पानं तीनशे तेरा झाली होती.
मी तीनशे बाराचं बिल केलं.
तिनं मोजली, पुन्हा मोजली.
"काका, एक पान कमी धरलंय का?"

"छाट," म्हटलं,
आणि मशीन बंद केलं.